इंजिन बदललेल्या ॲम्बॅसेडरचे इग्निशन वायरिंग : दोष शोधण्याची पद्धत

जुन्या ॲम्बॅसेडरमधले १४८९ सीसीचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन काढून त्या जागी १८१७ सीसीचे इसुझू पेट्रोल इंजिन बसवण्याचे काम आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आले आहे. हिंदुस्तान मोटर्सने हे इंजिन आधी कॉन्टेसामध्ये आणि १९९० च्या दशकात खुद्द ॲम्बॅसेडरमध्येही दिल्यामुळे माउंटिंगपासून गिअरबॉक्सपर्यंतचे भाग जुळवून घेता येतात, आणि चांगला फिटर यांत्रिक काम नीट पार पाडतो. अडचण येते ती शेवटच्या टप्प्यात. इंजिन जागेवर बसलेले असते, मालक रोज फोन करत असतो, आणि ‘आता चार वायरी तर जोडायच्या राहिल्या’ असे म्हणून इग्निशनचे काम घाईत उरकले जाते. मग सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, किंवा पेट घेते आणि चावी सोडताच बंद पडते, किंवा बराच वेळ छान चालून सिग्नलला दगा देते. येथून कॉइल बदला, कंडेन्सर बदला, प्लग बदला अशी खर्चाची रांग लागते आणि मूळ दोष तसाच राहतो.

इंजिन बदलल्यानंतरचा इग्निशनचा दोष त्या इंजिनाच्या पोटात क्वचितच असतो. तो बहुधा गाडीचे जुने, लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचे वायरिंग आणि जपानी इंजिनाला लागणारे वायरिंग जेथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यांवर असतो. हे सांधे मोजकेच आहेत: इग्निशन स्विचकडून कॉइलकडे (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाकडे) येणारा करंट, कॉइलचा रेझिस्टर, प्लगांना क्रमाने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर किंवा कॉइलचा करंट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तोडणारा इग्नायटर, चार्जिंगच्या दिव्याची वायर, सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) आणि इंजिनाचे अर्थिंग. यातील प्रत्येक सांधा साध्या मल्टिमीटरने तपासता येतो, म्हणून मोजल्याशिवाय एकही भाग बदलू नये असा माझा आग्रह आहे.

पुढील क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. आधीची पायरी निर्दोष ठरल्याशिवाय पुढच्या पायरीवरचे मोजमाप विश्वासार्ह नसते.

तयारी

डिजिटल मल्टिमीटर, दोन वायरी सोडलेला १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, १५ अँपिअरचा फ्यूज लावलेली एक लांब जंपर वायर, फिलर गेज, स्पार्क टेस्टर आणि टायमिंग लाइट एवढे साहित्य पुरते. बॅटरी पूर्ण चार्ज असावी. विश्रांतीत तिच्यावर १२.४ व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल तर आधी ती चार्ज करावी, कारण अर्धवट बॅटरीवर घेतलेले प्रत्येक माप दिशाभूल करते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना उटी लावावी. कार्बोरेटरपाशी पेट्रोलची गळती नाही याची खात्री करून घ्यावी, कारण पुढच्या काही तपासण्यांत उघडी ठिणगी पडणार आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका जुन्या पॉइंटच्या (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यांत्रिक संपर्कांच्या) इग्निशनपेक्षा बराच तीव्र असतो. सेल्फ मारताना एचटी (उच्च व्होल्टेजची) वायर हातात धरून करंट पाहण्याची गॅरेजमधली सवय येथे पूर्णपणे सोडून द्यावी. वायर जोडताना किंवा सोडवताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढलेले असावे.

इंजिनबदल ही मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येणारी बाब आहे. आरटीओची परवानगी आणि आरसीवरील इंजिन क्रमांकाची नोंद यांचे काम वायरिंगच्या आधीच मार्गी लागलेले असणे चांगले.

दोन्ही वायरिंगचा नकाशा

मीटर हातात घेण्यापूर्वी कागद घ्यावा. एका बाजूला गाडीच्या हार्नेसमधून (वायरींच्या बांधलेल्या गुच्छातून) इंजिनाकडे येणारी प्रत्येक वायर लिहावी आणि दुसऱ्या बाजूला इंजिनावरचे प्रत्येक विद्युत टर्मिनल लिहावे. लुकासच्या रंगपद्धतीत तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी वायर चावीनंतरची, पांढऱ्यावर काळा पट्टा असलेली कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी, पांढऱ्यावर लाल पट्टा असलेली सेल्फच्या सोलेनॉइडची, तपकिरीवर पिवळा पट्टा असलेली चार्जिंगच्या दिव्याची, हिरवी वायर चावी आणि फ्यूज या दोन्हींनंतरची आणि काळी वायर अर्थची असते. ही पांढरी वायर कॉइलपर्यंत विनाफ्यूज येते हे विशेष लक्षात ठेवावे. ती कोठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूज उडणार नाही, सरळ हार्नेस जळेल.

येथे एक खरा धोका आहे. लुकास पद्धतीत काळी वायर म्हणजे अर्थ, पण अनेक जपानी हार्नेसमध्ये पांढरा किंवा पिवळा पट्टा असलेली काळी वायर चावीनंतरचा करंट वाहून नेते. तेलाने आणि धुळीने माखलेल्या वायरवर तो बारीक पट्टा दिसत नाही, आणि इंजिनासोबत आलेल्या हार्नेसमधली ‘काळी’ वायर बॉडीला बोल्टने कसली जाते. चावी फिरवताच धूर निघतो. म्हणून इंजिनासोबत आलेल्या हार्नेसची प्रत्येक वायर रॉकेलच्या किंवा पेट्रोलच्या ओल्या फडक्याने पुसून उजेडात पाहावी, आणि तरीही रंगावर विसंबून न राहता कंटिन्युइटी लावून तिचे दुसरे टोक शोधावे. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत मधल्या काळात अनेक वायरमननी हाताशी असेल त्या रंगाची वायर वापरलेली असते, त्यामुळे गाडीच्या बाजूचा रंगही केवळ अंदाज म्हणून घ्यावा.

याच वेळी गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह अर्थ हे पाहावे. जुन्या ब्रिटिश आराखड्यात बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. जपानी इंजिनाचा अल्टरनेटर आणि इग्नायटर निगेटिव्ह अर्थवरच चालतात. उलट जोडणीत दोन्ही पहिल्याच क्षणी निकामी होतात.

अर्थिंग

इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तोडलेले असते. जुने इंजिन उतरवताना त्याचा अर्थ स्ट्रॅप सोडवला जातो आणि नव्या इंजिनावर त्याच्या जागी बोल्टचे भोक नसल्यामुळे तो लटकत राहतो. अशा वेळी सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परत येण्यासाठी मिळेल तो मार्ग धरतो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर पुढे काही तपासण्याची गरज नाही. आधी स्ट्रॅप लावावा.

केबल गरम नसली तरी माप घ्यावे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खांबावरच, आणि दुसरे टोक इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या स्वच्छ धातूवर धरावे. इंजिन पेट घेऊ नये म्हणून कॉइलमधून निघणारी जाड एचटी वायर डिस्ट्रिब्युटरकडून काढून ब्लॉकला घट्ट टेकवून ठेवावी आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. मीटरवर ०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग चांगले आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर तेवढा व्होल्टेज गंजात, रंगात किंवा ढिल्या बोल्टमध्ये वाया जातो आहे. असेच माप डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर आणि इग्नायटर ज्या पट्टीवर कसला आहे त्या पट्टीवरही घ्यावे. नवीन रंग मारलेल्या फायरवॉलवर इग्नायटर सुबक बसवलेला असतो, आणि तो सुंदर रंगच त्याचा अर्थ तोडतो.

या तपासणीसाठी ओहमची रेंज वापरू नये. अर्थ केबलच्या तीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी ओहममीटर शून्याच्या जवळपास आकडा दाखवील, कारण तो अगदी अल्प करंट सोडून मोजतो. करंट वाहत असताना किती व्होल्ट गळतात हेच खरे माप आहे, आणि हे तत्त्व या संपूर्ण कामात लागू पडते.

चावीच्या तीन स्थिती

आता मीटरचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला कायम लावून ठेवावे आणि लाल टोक कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर लावावे. एचटी वायर अजून ब्लॉकला टेकवलेलीच राहू द्यावी. चावी ‘ऑन’ करून आकडा लिहावा, सेल्फ फिरत असताना आकडा लिहावा, आणि चावी सोडून ती परत ‘ऑन’ वर आल्यावर पुन्हा आकडा लिहावा. या तीन आकड्यांत निम्मे निदान होते.

‘ऑन’ वर करंट आहे, पण सेल्फ फिरताना आकडा शून्यावर येतो, असे दिसले तर कॉइलची वायर ॲक्सेसरीच्या टर्मिनलवरून घेतलेली आहे. सेल्फला पूर्ण ताकद मिळावी म्हणून बऱ्याच इग्निशन स्विचमध्ये ‘स्टार्ट’ च्या वेळी ॲक्सेसरीचा करंट तुटतो. अशा गाडीचा चालक म्हणतो की सेल्फ कितीही वेळ मारला तरी इंजिन घेत नाही, मात्र चावी सोडताना एखादा धक्का देऊन पकडते. फिरते फ्लायव्हील आणि परत आलेला करंट यांची त्या क्षणी गाठ पडते, म्हणून ते पकडते. कॉइलची वायर स्विचच्या अशा टर्मिनलवर न्यावी जेथे ‘ऑन’ आणि ‘स्टार्ट’ या दोन्ही स्थितींत करंट असतो. स्विचवरचे आकडे किंवा अक्षरे पाहून अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्येक टर्मिनल तिन्ही स्थितींत मीटरने तपासून घ्यावे, कारण बाजारात मिळणाऱ्या पर्यायी स्विचमध्ये खुणांची जागा एकसारखी नसते.

याच्या नेमके उलटे लक्षण म्हणजे सेल्फ फिरताना इंजिन पेट घेते आणि चावी सोडताच मरते. येथे कॉइलला करंट फक्त सेल्फच्या वेळच्या बायपास वायरमधून मिळतो आहे आणि चालू स्थितीचा मार्ग तुटलेला आहे. पहिला संशय बॅलास्ट रेझिस्टरवर, म्हणजे कॉइलच्या आधी जोडलेल्या आणि तिचा करंट मर्यादित करणाऱ्या रेझिस्टरवर घ्यावा: त्याच्या एका टोकाला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला शून्य असेल तर तो आतून तुटला आहे. रेझिस्टर शाबूत असेल तर पांढरी वायर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

दोन्ही वेळी करंट आहे पण सेल्फ फिरताना आकडा साडेआठ-नऊ व्होल्टच्या खाली जातो, ही तिसरी शक्यता. त्याच वेळी बॅटरीच्या खांबांवर मोजावे. बॅटरीवर १०.५ आणि कॉइलवर ८ व्होल्ट दिसत असतील तर मधले अडीच व्होल्ट जुना स्विच, ॲमीटर आणि गंजलेल्या बुलेट कनेक्टरमध्ये खर्च होत आहेत. बॅटरीवरच ९.६ व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल तर दोष बॅटरीत, तिच्या केबलमध्ये किंवा सेल्फमध्ये आहे.

सेल्फबद्दल येथेच सांगणे योग्य होईल. जुन्या इंजिनाच्या लुकास सेल्फचा सोलेनॉइड वेगळा, बॉडीवर बसवलेला असे, तर इसुझूच्या सेल्फवर स्वतःचाच सोलेनॉइड असतो. काही जण जुना सोलेनॉइड तसाच ठेवून त्याची जाड केबल नव्या सेल्फला देतात आणि सेल्फवरच मोठे व लहान टर्मिनल पट्टीने जोडून टाकतात. त्यामुळे चावी सोडल्यावरही फिरती मोटर स्वतः वीज निर्माण करून आपल्याच सोलेनॉइडला क्षणभर धरून ठेवते आणि पिनियन दातांत रेंगाळतो. बॅटरीची जाड केबल थेट सेल्फच्या मोठ्या स्टडवर न्यावी, आणि पांढरी-लाल वायर एका रिलेमार्फत (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणाऱ्या स्विचमार्फत) लहान टर्मिनलवर द्यावी. या सोलेनॉइडला ओढताना लागणारा करंट जुन्या इग्निशन स्विचच्या संपर्कांना फार काळ झेपत नाही.

कॉइल आणि रेझिस्टर

गोंधळ सर्वांत जास्त येथे होतो, म्हणून थोडे सावकाश पाहू. पॉइंटच्या इग्निशनसाठी दोन प्रकारच्या कॉइल मिळतात. एकीच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध साधारण ३ ओहम असतो आणि ती थेट १२ व्होल्टवर चालते. दुसरीचा रोध साधारण दीड ओहम असतो आणि तिच्यासोबत बाहेरून दीड ओहमच्या आसपासचा बॅलास्ट रेझिस्टर लागतो. फक्त सेल्फ मारताना त्याला बायपास करून तिला पूर्ण व्होल्टेज दिला जातो. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. जुन्या गाडीची थेट पांढरी वायर दीड ओहमच्या कॉइलला जोडली तर दुप्पट करंट वाहतो, कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते आणि पॉइंट काळे पडतात. उलट ३ ओहमच्या कॉइलमागे इंजिनासोबत आलेला रेझिस्टर राहिला तर ठिणगी दुबळी होते: रिकाम्या रस्त्यावर गाडी चालते आणि चढावर मिसिंग करते.

कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढून दोन टर्मिनलांमधला रोध मोजावा. आधी मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून जो आकडा येईल, बहुधा ०.२ किंवा ०.३ ओहम, तो वजा करावा. दीड आणि तीन यांत निवाडा करायचा असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. पॉइंट असतील तर कॉइल व रेझिस्टर मिळून साधारण ३ ओहम व्हावेत. इलेक्ट्रॉनिक इग्नायटर असेल तर हा नियम लागू होत नाही. त्या इग्नायटरसाठी जी कॉइल दिलेली होती तीच वापरावी, कारण काही इग्नायटर स्वतः करंट मर्यादित करतात आणि काही करत नाहीत.

आता व्होल्टेजकडे येऊ. चावी ‘ऑन’ करून कॉइलच्या पॉझिटिव्हवर १२ व्होल्ट दिसले की बहुतेक जण समाधानाने पुढे जातात, आणि नेमके तेथेच चुकतात. त्या क्षणी पॉइंट उघडे असतील तर कॉइलमधून करंटच वाहत नाही, आणि करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडातही व्होल्टेज गळत नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढावी, इंजिन हाताने हळूहळू फिरवून पॉइंट पूर्ण मिटवावेत आणि मग माप घ्यावे. ३ ओहमची कॉइल आता सुमारे ४ अँपिअर ओढत असते. बॅटरी आणि कॉइलच्या पॉझिटिव्हमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. रेझिस्टर असलेल्या जोडणीत मिटलेल्या पॉइंटवर कॉइलपाशी सहा ते आठ व्होल्ट दिसणे योग्य आहे. तेथे पूर्ण बारा दिसले तर रेझिस्टर कोणीतरी बायपास केलेला आहे. पॉइंट मिटलेले असताना चावी फार वेळ ‘ऑन’ ठेवू नये, मापापुरतीच ठेवावी.

निगेटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचे पॉझिटिव्ह टर्मिनल स्विचकडे आणि निगेटिव्ह डिस्ट्रिब्युटरकडे असावे. उलट जोडणीतही इंजिन चालते, त्यामुळे ही चूक महिनोन्महिने लपून राहते. पण प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाऐवजी बाहेरच्या थंड टोकाकडून ठिणगी निघावी लागल्याने तिला जास्त व्होल्टेज लागतो आणि जास्त भाराखाली मिसिंग सुरू होते.

डिस्ट्रिब्युटरच्या आत

वापरलेले इंजिन आणताना त्यावर कोणता डिस्ट्रिब्युटर आहे हे टोपी काढूनच ठरवावे, कारण आधीच्या मालकाने तो बदललेला असू शकतो.

पॉइंट असतील तर कॉइलच्या निगेटिव्हवर मीटर लावून इंजिन हाताने फिरवावे. पॉइंट मिटल्यावर आकडा ०.२ व्होल्टच्या आत आणि उघडल्यावर जवळपास १२ यायला हवा. मिटल्यावरही एक-दोन व्होल्ट उरत असतील तर पॉइंटवर तेल किंवा काजळी आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थची लहान वेणीदार वायर तुटली आहे. आकडा कायम शून्यावर असेल तर पॉइंटच्या स्टडवरचा इन्सुलेशनचा वॉशर विसरला आहे, कंडेन्सर शॉर्ट आहे, किंवा बाहेरून लावलेल्या आरपीएम मीटरची वायर कोठे तरी बॉडीला टेकली आहे. आरपीएम मीटरची वायर तपासणी संपेपर्यंत सोडवूनच ठेवावी. ती एक वायर सगळे इग्निशन मारू शकते हे लक्षात येत नाही. कॉइलपासून पॉइंटपर्यंतची आतली लवचिक वायर व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर सतत हलत असते आणि आवरण शाबूत असताना आतून तुटते, म्हणून माप घेताना बेसप्लेट हाताने पुढेमागे हलवून पाहावी.

इलेक्ट्रॉनिक असेल तर आधी इग्नायटरला करंट आणि अर्थ मिळतो आहे का ते पाहावे. त्यानंतर पिकअपच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या, इग्नायटरला इशारा देणाऱ्या गुंडाळीच्या) दोन वायरी सोडवून मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवावा आणि सेल्फ मारावा. आकडा हलायला हवा. अजिबात हलत नसेल तर पिकअपची गुंडाळी तुटली आहे किंवा रिलक्टरची, म्हणजे पिकअपसमोर फिरणाऱ्या दातेरी चकतीची, फट चुकली आहे. ही फट बहुतेक जपानी डिस्ट्रिब्युटरांत ०.२ ते ०.४ मिमी इतकी अरुंद असते आणि ती पितळी फिलरनेच मोजावी, कारण पोलादी फिलर चुंबकाला चिकटून खोटा अंदाज देतो. पिकअपच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या असतील तर इंजिन चालते, पण टायमिंग विचित्रपणे मागेपुढे होते आणि डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी जुळत नाही.

येथपर्यंत काहीच सापडले नसेल तर निर्णायक तपासणी करावी. फ्यूज असलेली जंपर वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून कॉइलच्या पुरवठ्याकडे, रेझिस्टर असेल तर त्याच्या आधीच्या टोकाला, जोडावी. स्विचकडून येणारी वायर सोडवून इन्सुलेट करावी. इग्नायटरला वेगळी पुरवठ्याची वायर असेल तर तीही याच जंपरवर घ्यावी. इंजिन स्वच्छ चालू झाले तर दोष कॉइलच्या आधी, गाडीच्या हार्नेसमध्ये आहे. तसेच राहिले तर तो कॉइलमध्ये किंवा तिच्या पुढे आहे. या अवस्थेत इंजिन चावीने बंद होणार नाही, जंपर काढूनच बंद करावे लागेल.

चावी काढली तरी इंजिन चालूच

जुन्या गाडीत डायनामो असे. लुकासचा सी-४० डायनामो साधारण २२ अँपिअर देई आणि त्याचा कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) फायरवॉलजवळ बसवलेला असे. नव्या इंजिनावर अल्टरनेटर येतो, कटआउट निरुपयोगी होतो आणि त्याच्या वायरी जोडताना हा चमत्कारिक दोष निर्माण होतो.

चार्जिंगच्या दिव्याचे एक टोक इग्निशनच्या पांढऱ्या वायरवर आणि दुसरे अल्टरनेटरच्या ‘एल’ टर्मिनलवर असते. इंजिन चालू असताना ‘एल’ वर बारा-चौदा व्होल्ट असतात. चावी बंद केली की पांढऱ्या वायरवरचा व्होल्टेज जायला हवा, पण ‘एल’ वरून दिव्याच्या तारेतून उलटा करंट पांढऱ्या वायरवर येतो. हा करंट जेमतेम ०.२ अँपिअर असल्यामुळे त्यावर एकटी कॉइल सहसा चालत नाही. मात्र कॉइलसाठी रिले बसवलेला असेल तर रिलेच्या गुंडाळीला धरून राहायला तेवढा करंट पुरेसा असतो! रिले सुटत नाही, कॉइलला बॅटरीचा पूर्ण करंट मिळत राहतो, आणि चांगल्या हेतूने बसवलेला रिलेच इंजिन बंद होऊ देत नाही.

खात्री करण्यासाठी दिव्याचा बल्ब काढून चावी बंद करावी. इंजिन लगेच थांबले तर निदान पक्के. उपाय म्हणून दिवा आणि अल्टरनेटर यांच्यामधल्या वायरमध्ये १ अँपिअरचा एक डायोड, उदाहरणार्थ १एन४००७, पट्ट्याचे टोक अल्टरनेटरकडे ठेवून जोडावा. करंट दिव्याकडून अल्टरनेटरकडे जाऊ शकतो, उलट येऊ शकत नाही. बल्ब काढून टाकणे हा उपाय नव्हे, कारण अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीचे चुंबकत्व याच दिव्यातून मिळते आणि बल्ब नसेल तर चार्जिंगच सुरू होत नाही. कटआउटच्या जागी राहिलेली तपकिरी-हिरवी फील्डची वायर इन्सुलेट करून बांधून ठेवावी. ती अल्टरनेटरला कोठेही लागत नाही.

रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा बसवला असेल आणि तोही त्याच पांढऱ्या वायरवर असेल, तर चावी बंद केल्यावर गतीने फिरत राहिलेला पंखा काही सेकंद वीज निर्माण करून असाच प्रकार घडवतो. पंख्याला बॅटरीवरून स्वतंत्र रिले द्यावा. आणि चावी बंद केल्यावर इंजिन धडधडत, अडखळत, वाईट आवाज करत चालत असेल तर तो वायरिंगचा दोष नव्हे. कॉइलवर शून्य व्होल्ट असतानाही तसे होत असेल तर सिलिंडरमधले मिश्रण उष्णतेने पेटते आहे, आणि कार्बोरेटरवर आयडल कट-ऑफ सोलेनॉइड (चावी बंद होताच आयडलचे पेट्रोल तोडणारा) असेल तर त्याला चावीनंतरचा करंट जोडलेला आहे का, हे पाहावे. तो सोलेनॉइड जोडायचा राहिला असेल तर इंजिन आयडलला उभेही राहत नाही, आणि दोष नाहक इग्निशनवर जातो.

एचटी वायर, क्रम आणि टायमिंग

दोन्ही इंजिनांचा फायरिंग क्रम १-३-४-२ असाच आहे, त्यामुळे येथे चूक होणार नाही असे वाटते. पण क्रम सारखा असला तरी रोटर कोणत्या दिशेने फिरतो आणि पहिल्या सिलिंडरची वायर टोपीच्या कोणत्या खाचेत जाते हे जुन्या इंजिनावरून ठरवता येत नाही. टोपी काढून सेल्फचा एक हलका झटका द्यावा आणि रोटरची दिशा डोळ्यांनी पाहावी. मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवावे. हवेचा दाब अंगठा ढकलू लागला की तो कॉम्प्रेशनचा फेरा. पुलीवरची खूण जुळेपर्यंत पुढे न्यावे. रोटर आता ज्या खाचेसमोर आहे ती पहिल्या सिलिंडरची, आणि तेथून रोटरच्या दिशेने ३, ४, २ अशा वायरी लावाव्यात. खूण जुळली पण दाब जाणवला नव्हता, तर रोटर अर्धा फेरा चुकीचा असेल आणि सेल्फ मारल्यावर कार्बोरेटरमधून फटाका वाजेल.

ठिणगी स्पार्क टेस्टरवर पाहावी. निळसर, कडक आवाजाची ठिणगी चांगली, पिवळी व मऊ ठिणगी दुबळी. टायमिंगचे अंश इंजिनाच्या मूळ तपशिलाप्रमाणे ठेवावेत आणि जुन्या बीएमसीचे आकडे येथे वापरू नयेत.

गरम झाल्यावर येणारा दोष

थंड असताना उत्तम चालणारी आणि अर्ध्या तासाने बंद पडणारी गाडी थंड झाल्यावर तपासून काहीच सापडत नाही. माप बंद पडल्या जागीच घ्यावे लागते, म्हणून अशा गाडीत मीटर आणि स्पार्क टेस्टर ठेवूनच फेरी मारावी. बंद पडताच आधी कॉइलच्या पॉझिटिव्हवरचा व्होल्टेज पाहावा आणि नंतर ठिणगी पाहावी. व्होल्टेज आहे, पण ठिणगी नाही, असे दिसल्यास कॉइल किंवा इग्नायटर उष्णतेने सुटतो आहे. इग्नायटरच्या पाठीला हीट सिंक पेस्ट लावलेली आहे का आणि तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर तर बसवलेला नाही ना, हे पाहावे. जुन्या इंजिनाच्या मापाने कापलेला हार्नेस नव्या मॅनिफोल्डच्या अगदी जवळून जातो, आणि वितळलेले आवरण थंड असताना डोळ्यांना सहज दिसत नाही.

कायमची जोडणी

दोष सापडल्यावर तात्पुरत्या जोडण्या तशाच ठेवून गाडी परत देऊ नये. जुन्या स्विचवरचा भार कमी करण्यासाठी कॉइलला रिले देणे मला सर्वांत योग्य वाटते. बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० क्रमांकावर, पांढरी इग्निशन वायर ८६ वर, बॉडीचा स्वच्छ अर्थ ८५ वर आणि ८७ वरून कॉइल, इग्नायटर व कट-ऑफ सोलेनॉइड अशी जोडणी करावी. रेझिस्टर असेल तर तो ८७ आणि कॉइल यांच्यामध्ये येतो. मूळची विनाफ्यूज पांढरी वायर आता फक्त रिलेचा क्षुल्लक करंट वाहते, म्हणून तिलाही स्विचपाशी ५ अँपिअरचा फ्यूज देता येतो. रिले टर्मिनले खाली करून, पाण्याच्या आणि मॅनिफोल्डच्या वाटेपासून दूर बसवावा. अल्टरनेटरची मुख्य वायर किमान ६ चौरस मिमीची असावी, आणि जुना ॲमीटर नव्या अल्टरनेटरच्या करंटला पुरेसा नसेल तर त्याच्याऐवजी व्होल्टमीटर लावावा.

वायरी पिळून वर टेप गुंडाळलेला जोड इंजिनाच्या थरथरीत टिकत नाही. योग्य मापाचे थिंबल क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी, फायरवॉलच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट असावा, आणि इंजिनाकडे जाणाऱ्या हार्नेसला एवढी ढील द्यावी की सेल्फच्या झटक्याने इंजिन हलले तरी वायरवर ताण येणार नाही. सगळे जोडून झाल्यावर कॉइलचे, अर्थचे आणि सेल्फच्या वेळचे आकडे पुन्हा मोजून सुरुवातीच्या त्याच कागदावर नव्या वायरींच्या रंगांसह लिहावेत आणि कागद गाडीतच ठेवावा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर अर्थ स्ट्रॅपचे बोल्ट आणि सेल्फच्या स्टडवरचा नट एकदा आवळून घ्यावा.